खालची खोली

सव्वीस जूनला शाळा उघडली तेव्हा
मुख्याध्यापिकेची खोली जागेवर नव्हती.
म्हणजे खोली होती तिथंच,
पाचपावलीच्या पुलाकडे तोंड करून,
पण टेबल नव्हतं, तिजोरी नव्हती,
कूलरची नुसती चौकट उरली होती खिडकीत
आणि आत बसला होता सातवीचा वर्ग.
उईके मॅडम वर गेल्या होत्या,
दुसऱ्या मजल्यावर, टिनाखाली,
मानेवर ओला दुपट्टा टाकून
दाखल्यांवर सह्या करत.

मी गभणे. गणित शिकवतो. बावीस वर्षं झाली.
एप्रिलच्या बैठकीत हे निघालं
तेव्हा विरोधात पहिला हात माझा होता.
‘एका पोरासाठी काऊन सारी शाळा हलवता जी?’
मी हिशेबही मांडला होता :
एक भागिले तीनशे बारा.
दशांशचिन्हानंतर दोन शून्यं येतात.
कुणी हसलंही.

मॅडमनी एवढंच विचारलं,
‘गभणे सर, भाग्येश वर कसा चढतो?’

मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.
भाग्येश मोटघरे बसून चढतो,
कुबड्या आधी वरच्या पायरीवर, मग स्वतः.
चौतीस पायऱ्या.
घंटा झाली की पोरं त्याला ओलांडून जातात,
नाल्यातला दगड ओलांडावा तशी.

माहीत नव्हतं ते वेगळंच.
ते बोलली निर्मलाबाई, खिचडी शिजवणारी,
जिला बैठकीत बसवायची आमच्याकडे पद्धत नव्हती.
त्या दिवशी मॅडमनी तिला खुर्ची दिली होती,
माझ्या बाजूची.
ती म्हणाली, ‘पोरगं सकाळपासून पाणी पीत नाही न जी.
प्यालं तर उतरा लागते.’

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
माझा हात खाली आला होता,
केव्हा, ते मलाही समजलं नाही.

मग एक हललं की दुसरं हलतं.
हजेरीत मुलींची नावं लाल शाईनं, तीही शेवटी,
हे मीच लिहीत आलो होतो बावीस वर्षं.
आता एकच पेन. अनुक्रमे.
पहिल्या दिवशी ‘अंजुम’ पुकारलं
आणि ती उठलीच नाही,
एवढ्या लवकर आपली पाळी येते
हे तिला ठाऊक नव्हतं.

दुलारी साहूला आम्ही दुसरीत बसवलं होतं,
मराठी येत नाही म्हणून. वय अकरा.
आईबाप मानकापूरला, बांधकामावर.
परवा तिनं फळ्यावर माझी चूक काढली.
‘दू रह गे, सर.’
हातचे दोन राहिलेच होते.
मी ‘दू’ मिळवले. बेरीज जुळली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी
पोरांनी कागदाची मारबत केली,
जुन्या हजेरीपटांची,
आणि प्रत्येकानं एकेक चिठ्ठी खोचली तिच्या पोटात.
भाग्येशनं लिहिलं :
‘बिच्चारा’ घेऊन जा गे मारबत.
एकात होतं, गभणे सरांची पट्टी.
अक्षर ओळखलं मी. नाव सांगणार नाही.

सगळं झालं असं नाही.
उताराची फाईल महापालिकेत पडून राहिली आहे,
तोवर दारात दोन फळ्या टाकल्यात, पावसात निसटतात.
काही पालक दाखले घेऊन गेले.
मॅडमची बदली होईल म्हणतात.
खोलीचं पुढं काय, हे बैठकीत
अजून कुणी काढलेलं नाही.
काढीन म्हणतो.

मागच्या मंगळवारी शाळा सुटल्यावर
कुणी नाही असं बघून
मी पहिल्या पायरीवर बसलो
आणि बसून चढू लागलो.
सात झाल्या. आठवीला हात थरथरला.

घरी बायकोनं पँटकडे पाहून विचारलं,
‘कुठं बसून आले जी?’

‘शाळेत,’ मी म्हणालो.