मान खाली

मान खाली घालायची ती हरलेल्यांनी, म्हणतात.
मी अकरा हिवाळे मान खाली घालून जिंकत आलो.
सिगुल्दाच्या उतारावर, पाइनच्या रानातून,
पुढे इंदुलिस, दोन्ही हातांत दोऱ्या,
मागे त्याच्या पाठीला हेल्मेट टेकून मी,
ब्रेकवाला.

माझं काम पाच सेकंदांचं.
तळव्याला सुयांसारखे खिळे,
पावणेदोनशे किलोचं धूड ढकलत धावायचं,
उडी घ्यायची, घडी होऊन बसायचं,
मग खालच्या रेषेपर्यंत नुसतं ओझं व्हायचं.
तेही नेमकं. काट्यावर थोडा कमी भरलो
की वेल्ताबाई न बोलता आणखी बटाटे वाढायच्या.

वळणं मी पोटाने मोजायचो.
सातव्याला आतडी बरगडीला चिकटतात,
अकराव्याला जबडा शिशाचा होतो,
चौदाव्याला क्षणभर वजनच नसतं,
तिथे दरवेळी आईची आठवण यायची. का, ठाऊक नाही.
बर्फ मी पाहिला नाही, ऐकला.
कुणी लांबच लांब मांजरपाट फाडत न्यावं, तसा.

एकदा उलटलो, तिथेच.
डोकं घासत चारशे मीटर, जळक्या रंगाचा वास,
आणि पुढून इंदुलिस ओरडतोय,
"आहेस का? आहेस का?"
आहे, म्हणालो.

पुढच्याच वर्षी सोनं.
फोटोत त्याचा चेहरा, माझ्या हेल्मेटचा माथा.

मग गुडघा. मग पाठ.
मग रेनार्स नावाचा एक पोरगा,
माझ्याहून आठ शतांश सेकंदांनी चपळ.
पापणी लवायलाही त्याहून जास्त लागतो वेळ.

आता जून. ओढ्यासारखं कोरडं सिमेंट,
तळाशी पाइनच्या काड्या, एखादा बेडूक.
चाकांच्या गाडीतून मी पर्यटक नेतो खाली.
दोऱ्या माझ्या हातात,
मान वर ठेवावीच लागते.

पहिल्याच फेरीत चौदावं वळण आलं
आणि कडेला रानसफरचंदाचं झाड,
एवढं वाकलेलं, की हात लांबवला तर फांदी लागेल.
मागची मुलगी किंचाळली.
सवयीने मी ब्रेक चाचपला,
हाताला तिचे बूट लागले.

संध्याकाळी इंदुलिसला फोन केला.
म्हटलं, अकरा वर्षांत बोलला नाहीस,
चौदाव्यावर झाड आहे.
बराच वेळ तो गप्प.
मग म्हणाला,
कुठलं झाड?