शेवटचे ठीक

फॉर्मवरचा अकरावा प्रश्न :
रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला?
तास, मिनिटे. चार चौकटी.
मेडिकलच्या कॅज्युअल्टीत स्ट्रेचरसोबत चालत
मी विचारते, आणि गिरजाबाई पौनीकर
सांगतात त्यांच्या घड्याळाने :

"कुलरमंदी पानी टाकलं तवा ठीक होते जी.
नळ आले तवा बी.
मंग चहा देल्ला, त कप सुटला हातातून.
मले वाटलं, उनानं असन बाप्पा.
कांदा फोडून हुंगवला. पोराची वाट पाह्यली."

नळ किती वाजता येतात गोळीबार चौकात?
"येतात तवा येतात."

शेजारच्या किराणावाल्याला फोन लावला.
तो म्हणाला, रोज सहा चाळीस, लिहून घ्या.
मी लिहून घेतले.
भिंतीवर दहा पन्नास.
साडेचार तासांतले चार तास दहा मिनिटे गेलेले,
उरलेल्या विसात स्कॅन, वजन, साखर
आणि एक पाकीट. दोन औषधांपैकी कोणते,
ते दूरच्या कुठल्या कॉम्प्युटरने आधीच ठरवलेले.
"लॉटरी हाय का?"
नाही म्हणायला शिकवले आहे आम्हाला. मी नाही म्हटले.
त्यांनी उजवा अंगठा पुढे केला.

बी.पी.च्या गोळ्या?
"भाचीच्या लग्नापासून बंद.
बरं वाटून राह्यलं होतं न त्याइले."
गोळ्या बंद, एवढेच लिहिले.
बरं वाटून राह्यलं होतं, याला चौकट नाही.

सुई अकरा पाचला.


धोंडबाजी पौनीकर, विणकर.
माग भंगारात गेला त्याला सोळा वर्षे झाली,
मग इतवारीत साड्यांच्या दुकानावर चौकीदारी.
शुद्धीवर आले तेव्हा एकच शब्द परतला :
धोटा.
पाणी धोटा. दुखणे धोटा. बायको धोटा.
फिजिओवाली मुठीत चेंडू द्यायची, तीही धोटा.
उजवा हात चादरीवर
ठेवला तिथेच.
सातव्या दिवशी पुन्हा संमती घेतली, या वेळी त्यांची स्वतःची.
पुरुषाचा डावा अंगठा घेतात,
तेवढे बरे आहे.


नव्वदावा दिवस नेमका मारबतीचा आला.
गल्लीत पोरे ओरडत होती,
खासी, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत.
मी आत बसून मोजपट्टी काढली, शून्य ते सहा.
शून्य म्हणजे जणू काही झालेच नाही.
सहाला वेगळा फॉर्म लागतो.
स्वतः चालता? भिंत धरून, संडासापर्यंत.
शर्टाची बटणे? खालची दोन.
बोलता?
"सबन बोलतात," गिरजाबाई म्हणाल्या.
"लांबवून धोटा म्हटलं का भाजीत मीठ नाही म्हून राग.
तोडून म्हटलं का पानी."
मी लिहिले : तीन.

मग चहा गाळता गाळता, सहज :
"त्या दिवशी नळ लवकर आले होते न पोरी.
टाकी धुवाची होती म्हून सहालेच.
तुले तवा सांगाचं सुचलं नाही."

सहा. म्हणजे पाच तास पाच मिनिटे.
म्हणजे ती सुई द्यायलाच नको होती.
म्हणजे मेंदूत रक्त झिरपले असते तर
माझ्या अक्षरातल्या सहा चाळीसने.
आणि समोर धोंडबाजी,
डाव्या हातात कप तोलत,
बशीत एक थेंब न सांडता.

मी फाइलमधून जुने पान काढले.
चुकीवर व्हाइटनर लावायचा नाही, असा नियम आहे.
एकच रेघ मारायची,
खालचे वाचता आले पाहिजे,
बाजूला सही, तारीख, कारण.
पेन उघडे.

"धोटा," ते म्हणाले.
लांबवून नाही, तोडूनही नाही.
मी गिरजाबाईंकडे पाहिले.

"हे नवं हाय," त्या म्हणाल्या.