तायी कार्ड

कागलची लेक, सून निपाणीची.
वखारीत तंबाखू चाळते, नाकाला पदर.
सातवा चालू आहे.

बसव्वा आशाताईनं बोट टोचलं.
"सात पॉइंट दोन," म्हणाली,
आणि बघितलं माझ्याकडं नाही, मुकादमाकडं.

कार्डावर कन्नड अक्षरं,
परातीतल्या उंड्यांसारखी गोल.
"वर काय लिवलंय?"
"तायी."
"कुणाची ताई?"
हसली. "आमच्यात तायी म्हंजे आई गं."

पहिलं चिकोडीच्या वाटेवर, जीपमध्येच गेलं.
तेव्हापासून कुणी ह्या नावानं हाक मारली नव्हती.

दवाखान्याला दोन तास सुट्टी मिळाली,
मजुरी कापून.
लोहाच्या गोळ्या डब्यात, भाकरीशेजारी.
कार्ड मात्र पोलक्यात,
दुधाच्या पिशवीत गुंडाळून,
तंबाखूचा वास लागू नये म्हणून.