टाचेची जागा

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या शेडात
आत्याची जीप उघडी पडलीय.
सीटा बाहेर, मॅट बाहेर,
दारं तर तिला कधी नव्हतीच.
दादापीर ग्राइंडरला तारेचा ब्रश लावतो,
म्हणतो, तोंड बांध,
चाळीस वर्षं उडणार आता.

उडाली.
आधी काळा, मी कॉलेजात असताना फासलेला
हौसेनं, गंजावरूनच.
त्याखाली निळा, कुणी दिला आठवत नाही.
त्याखाली लष्करी हिरवा, लिलावातला,
इतका हट्टी की ब्रशच्याच दोन तारा तुटल्या.
त्याखाली पत्रा.
आणि जिथं पत्रा असायला हवा होता
तिथं शेडची जमीन, एक नट,
कुणाची तरी विझलेली विडी.

"कणकुंबीचं पाणी," दादापीर म्हणाला,
दुसऱ्याच्या पोरावर रागवावं तसं.

कणकुंबी, पारवाड, हेम्माडगा.
जनावरांची डॉक्टर होती आत्या.
म्हशींशी कन्नडातून बोलायची,
गाईंशी मराठीतून,
जीपशी फक्त शिव्यांतून.
मागच्या पत्र्यावर तिच्या आयोडीनचा डाग आहे,
घासला, ॲसिटोननं पुसला,
किंचित फिका झाला आणि तिथंच बसला.

भोकांवर नवे तुकडे जोडले.
सांध्यांत सीलर बोटानं दाबला.
बोल्टांच्या आट्यांत ग्रीस लावलेला कागद,
पाणी जायच्या वाटांत लाकडी गुट्ट्या,
कडांना टेप.
दोन डबे शेजारी शेजारी:
एक मोठा, एक छोटा.
एकत्र केले की चाळीस मिनिटं,
मग देव आला तरी थांबत नाही.
"आणि एकदा बसलं की निघत नाही बघ हे.
काय ठेवायचं ते आत्ताच बघून घे."

मी बघत होतो.
क्लचच्या अलीकडे पत्रा खाली गेलेला,
तीर्थ घेताना तळहात होतो
तेवढाच खोलगट.
सत्तावीस वर्षं एकच टाच टेकून
एका बाईनं घाट चढवला, उतरवला.

"काय बघूलालास?"
दादापीरच्या हातात लाकडी हातोडा.
"दोन ठोके. सपाट करतो."
राहू दे, म्हटलं.
"पाणी साचंल की तिथं."
साचू दे.
तो माझ्याकडे बघत राहिला,
हातोडा ठेवला,
ड्रिल घेतलं,
खळग्याच्या बरोबर तळाशी
एक बारीक भोक पाडलं
आणि त्यालाही गुट्टी मारली.
"आता नाही साचणार."
पुढं ह्या विषयावर दोघंही बोललो नाही.

मग रोलर.
वास असा की शेजारचा लेथवाला
शिव्या घालत बाहेर गेला.
चमक नाही, गुळगुळीतपणा नाही,
कुंदा आटवून काढल्यावर
कढईच्या तळाशी जे चिकटून राहतं
तसं काहीतरी काळं, दाणेदार
हिरव्यावर चढलं, डागावर चढलं,
नव्या तुकड्यांना जुन्यात मिसळून गेलं.
दुसरा हात आडवा.
कोपऱ्यात ब्रशनं.
खळग्यात त्यानं रोलर नेला नाही,
बोटाला चिंधी गुंडाळून लावलं.

तीन दिवस सुकू दिलं.
गुट्ट्या काढल्या.
मी बसून बघितलं:
टाच खळग्यात उतरते,
पण माझा पाय नऊ नंबरचा,
बाहेरच राहतो थोडा.

रविवारी टिळकवाडीत नेऊन
फाटकाशी उभी केली.
गुडघे बदलल्यापासून तिला चढता येत नाही.
काठी कठड्याला टेकून
ती मागच्या बाजूला आली,
वाकली जेमतेम,
तळहात फिरवला त्या काळ्यावरून,
उलटा, सुलटा.
मला वाटलं विचारेल, किती पैसे घातलेस.

"खरखरीत आहे," म्हणाली.
"बरं झालं.
वासरू घसरणार नाही."