चार बोटं कमी

निंबा शिंपींच्या अंधारखोलीत, धुळ्यात,
लाल बल्बखाली ट्रे हलवत ते म्हणाले,
बाई, छत्तीस फोटो आणि एकातही चेहरा नाही.
लग्नवाल्यांनी हे पाहिलं
तर मला गिऱ्हाईक राहायचं नाही.

मी गप्प. कागदावर मुडावदचा संगम
हळूहळू वर येत होता:
आधी खडक, मग खडकाची ओली कड.
पाणी आलंच नाही. उन्हात ते पांढरंफेक होतं,
म्हणजे कागद जिथं तसाच राहिला
तिथं तापी.

सुट्टी लागली की मी एस.टी.नं निघायचे.
खांद्याला यशिका, पिशवीत कळण्याची भाकरी,
तिकिटांच्या पाठीवर वेळ आणि उजेड लिहून ठेवायचा.
उनपदेवला गोमुखाशी फार जवळ गेले,
कढत पाण्याची वाफ काचेवर बसली
आणि अख्खा रोल धुक्याचा निघाला.
प्रकाशाला पात्र इतकं रुंद
की पलीकडे धुणं आपटणारीचा हात दिसतो आधी,
आवाज मागून येतो.
माझ्या फोटोत तो हात वर आहे,
आवाज अजून वाटेतच.
तोरणमाळच्या तलावानं एका सकाळी
डोंगर उलटा धरला होता, जराही न हलवता.
मी बटण दाबेपर्यंत
एक म्हैस आली आणि डोंगर प्यायली.

फोटो धुवायला वाहतं पाणी लागतं, तासभर तरी.
निंबाभाऊंच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी.
एकाच बादलीत ते तिघांना धुवायचे:
कुणाचं जावळ,
कुणा म्हाताऱ्याचा पेन्शनचा फोटो,
आणि माझी नदी.
हायपो राहून जायचा.
वर्ष-दोन वर्षांत माझ्या नद्या
कडेनं पिवळ्या पडत गेल्या,
पाण्यावाचून.

त्यातला एक पांझरेच्या पाटाचा, न्याहळोदच्या अलीकडचा.
चुकून त्यात दोन पाय आलेत, घोट्यापर्यंत पाण्यात.
पाटकऱ्याचे. धुडकू नाव त्याचं.
त्या दिवशी फावडं टेकवून त्यानं हटकलं होतं,
पानीना फोटू काढस? पानी थांबस का?

दोन वर्षांनी मी तो द्यायला गेले.
म्हटलं, पाय ओळखेल, हसेल.
त्यानं फोटो हातभर लांब धरला, तिरपा केला,
पायांकडे पाहिलंसुद्धा नाही.
पाटातल्या दगडावर नख ठेवून म्हणाला,
त्या दिन पानी चार बोटं कमी व्हतं.
वरल्या फडले बारी व्हती.
मग कुणी रात्रीतून दार उचललं,
कुणाचा भुईमूग शेवटाला राहिला,
पंचांत कोण काय बोललं,
सगळं त्यानं त्या एका ओल्या रेघेवरून
वाचून दाखवलं.
मी मात्र त्या फोटोला आजवर
छान उजेड म्हणत आले होते.

आणि हाई पिवळं काय? त्यानं विचारलं.
सांगितलं, धुवायला पाणी पुरलं नाही.

तो काहीच बोलला नाही. पाटाच्या कडेला उकिडवा बसला,
फोटो दोन्ही हातांनी धारेत धरला,
पोराची पाटी धुवावी तसा,
उलटा, सुलटा, पुन्हा उलटा.
डाग निघणार नव्हता.
इतक्या उशिरा निघत नसतो.
मी सांगितलं नाही.

पाणी त्याच्या खऱ्या पायांवरून,
फोटोतल्या पायांवरून,
दगडावरच्या त्या जुन्या चार बोटांवरून
खालच्या वाफ्याकडे जात राहिलं.
कॅमेऱ्यात अजून तीन फोटो शिल्लक होते.

ओला कागद त्यानं माझ्या हातात दिला,
सावलीत वाळव म्हणाला,
आणि वर उन्हाकडे पाहत,
कितला वाजनात?
बारी बदलायची होती.