झारेकरी

दुपारचे अडीच. व्हेरायटी चौक.
सिग्नल लाल आहे तोवर
मी दुभाजकाच्या कडेला उकिडवी बसते,
रंगाऱ्याच्या दोन इंची ब्रशने
धूळ लोटते सुपलीत.
पिशवीवर मार्करने : नमुना सात. वारा नाही.

"काय शोधून राहिले मॅडम? सोनं पडलं काय?"
हवालदार बोपचे, शिट्टी ओठांच्या कोपऱ्यात सरकवून.

त्यांना कुठं माहीत,
माझा बाप इतवारीच्या सराफ्यात झारेकरी होता.
पहाटे दुकानांच्या पायऱ्या झाडायचा,
केर पाण्यात हलवत बसायचा,
दिवेलागणीला कणीएवढं काही सापडलं
तर घरी मटण.
पण धुण्याआधी चुंबक फिरवायचा केरावरून.
कानशीचा कीस, खिळ्यांची टोकं
मिशीसारखी चिकटून यायची,
तो ती नालीत झटकायचा :
"जे लगेच चिकटते, पोरी, त्याले भाव नसते."

मी नालीतलं उचललं.

लॅबमध्ये प्लॅस्टिकात गुंडाळलेलं चुंबक
धुळीजवळ नेलं की काटे उभे राहतात,
साळिंदराचं पिल्लू जागं व्हावं तसे.
सर म्हणतात, फसू नकोस,
आपली काळी मातीही ओढते,
ज्वालामुखीची आहे. तिचा वाटा आधी वजा कर.
म्हणून सेमिनरी हिल्सची एक पिशवी,
झाडाखालची.

वजा करूनही आकडा उरतो.
कॉटन मार्केटला जास्त उरतो,
जिथं ट्रक रेंगाळतात, ब्रेक किरकिरतात.
सूक्ष्मदर्शकाखाली मातीचा कण
कोनाकोनाचा, म्हातारा.
आणि हे दुसरे : गोल, गुळगुळीत, कालचे.
जळताना वितळले, हवेतच थिजले,
गिअर बदलायला लागतो तेवढ्या वेळात.

पुढच्या खेपेला बोपचेंनी
खिशातून रुमाल काढून दिला, घडीच्या घडी.
"हाबी घ्या नं. सकाळी पांढरा होता."
आणि लगेच वळून
एका ऑटोवाल्यावर ओरडले.

रुमाल टेबलावर पसरला.
नाकाच्या जागी दोन काळे ठिपके, शेजारी शेजारी.
चुंबक खालून फिरवलं,
ठिपक्यांवरची लव उठली,
बसली,
पुन्हा उठली.

बाबा, लगेच चिकटलं.

मोठ्या पिशवीत मावेना, लहानीत घातला.
नाव लिहायचं नसतं, नियम आहे.
नमुना तेरा. व्हेरायटी चौक.
काळ : एक पाळी.
उंची : जमिनीपासून पाच फूट.