बहात्तर तासांनी

सोमवारी टोचलं, गुरुवारी वाचायचं.
महापेहून अंधारात निघालो, शिळफाट्यावर अर्धा तास कंटेनरच्या मागे,
पडघ्याचा टोलनाका, शहापूर, मग किन्हवलीचा रस्ता.
मांडीवर कॅलिपर, टॉवेलात गुंडाळलेला,
जणू खड्ड्यांनी त्यालाच लागणार होतं.

अठरा वासरं. नऊंना लस, नऊंना मिठाचं पाणी.
कोणाला काय, ते महापेच्या कपाटात, लाख लावलेल्या पाकिटात.
मला माहीत नाही.
माहीत नसणं हेच माझं काम.

गोठ्याच्या मधोमध दोन म्हाताऱ्या गाई.
दोघींना क्षय. फार खोकत नाहीत, दूधही देतात.
त्यांच्याच गव्हाणीत वासरांनी वर्षभर तोंड घालायचं,
असा आराखडा आहे.
दुसऱ्या देशांत अशा गाई कापतात आणि विषय संपतो.
इथे गाय मरेपर्यंत राहते
आणि तिच्यात राहणाराही.
म्हणून ही लस. म्हणून मी.

मानेवर भादरलेले दोन चौकोन.
वर जुनी सुई, खाली नवी.
जुनीला लस आणि रोग सारखेच दिसतात,
दोन्हींसाठी कातडी फुगते.
नवी फक्त रोगाला ओळखते, असं म्हणतात.
अजून म्हणतात एवढंच.

यमुनाबाई भेरे वासरांची तोंडं धरून उभ्या,
मार्गशीर्षातला गुरुवार, पोटात काही नाही.
कानांत बिल्ले आहेत, बिल्ल्यांवर नंबर.
बाईंनी तरी नावं ठेवलीत:
कुरडू, तांदळी, भिंगरी,
आणि एक नुसताच ‘तो’.

मी आकडे म्हणते, दिगंबर लिहितो.
सात होती. वर चौदा, खाली सात.
सहा होती. वर सहा, खाली सहा.
चौथ्या वासरानंतर बाई कॅलिपरची वाट बघेनात.
तळवा मानेवरून फिरवायचा आणि सांगून टाकायचं,
“वरची आली, खालची नाय. हिला औषद दिलंय.”
“ह्याला कंचीच नाय. पानी दिलंय. पन वाचला.”
दिगंबरचं पेन थांबलं.
मी म्हटलं, तू आकडा लिही.
तीन वर्षांचा आराखडा, चार समित्यांच्या सह्या,
आणि ही बाई पाकीट न फोडता वाचत होती.

अकरा नंबर.
सहा होती. वर सतरा. खाली पंधरा.
तीनदा मोजलं.
भिंगरी माझी बाही चघळत होती.
बाईंचा तळवा खालच्या गाठीवरून उठेना.
“मंग हिला पानी कुनी ठरवलं?”

कुणीच नाही. संगणकाने, चिठ्ठ्या टाकल्यासारखं.
हे मी म्हटलं नाही.
पाणी नसेलही, लसच दिली असेल आणि लागली नसेल.
हेही म्हटलं नाही.
पाण्याने हरणं बरं की लसीने,
ते माझं मलाच ठरेना.
“आता टोचली तर?”
“आता उपयोग नाही.”
“मंग दुसरीकडं बांधू हिला?”
आराखड्यात तेही नव्हतं.

मग चहा. दूध त्याच दोघींचं.
तीन उकळ्या काढा, हे मीच शिकवलं होतं,
पहिल्या महिन्यात, भिंतीवर चित्र लावून.
पहिली उकळी. दुसरी.
तिसरीला दूध उतू गेलं, निखाऱ्यांवर जळकट वास,
तरी बाई पातेलं उचलेनात,
माझ्याकडे बघत राहिल्या,
बस का आता, अशा.
मी मान हलवली तेव्हा कुठे उतरवलं.

पडघ्याच्या अलीकडे दिगंबरने विचारलं,
अकराच्या पुढे शेरा काय लिहू?
कोरा ठेव म्हटलं.
टोलनाक्यावर सुट्टे काढताना दिसलं,
उजव्या बाहीचं बटण नाही.
गिळलं असणार तिने.
गाडी रांगेत होती, मागून हॉर्न.
हे मात्र लिहायला हवं, मी म्हटलं,
आणि वही मागून घेतली.